मागे वळून वाचायची मुभा

छ्वानचौ, ९ मार्च

चि. आ-जिन यास,
आशीर्वाद. पूर्वी 'अनेक' लिहायचे. आता एकच, पण जाडजूड.

उजवा हात अजून रुसलेला आहे, म्हणून अक्षर असं. मी फोन का उचलत नाही, असं तू लिफंगला विचारलंस म्हणे. मी अडखळले की पलीकडचा माणूस माझं वाक्य पुरं करून टाकतो. चुकीचं पुरं करतो. वर विचारतो, हेच ना? मी दमलेली असते, हो म्हणते. नको असलेल्या कितीतरी गोष्टींना मी अशी हो म्हणून बसले आहे. कागद तोंडात शब्द घालत नाही. म्हणून कागद.

आता बातमी. छोट्या वाक्यांत सांगते. मोठं वाक्य सुरू केलं की मधेच पूल तुटतो. नभोवाणीवर एका दमात अख्खी सरकारी घोषणा वाचणारी मी! हस, हस.

तुझ्या भाच्याने, आपल्या लिफंगने, कोर्टात अर्ज केला आहे. स्ट्रोकनंतर आईला कळत नाही, तिचे व्यवहार मुलाच्या हाती द्या, असा.

निमित्त किल्लीचं. त्याने मला मोबाइलवर लिहून निरोप पाठवला. शेजारच्या शेन मावशींना दवाखान्यात नेणारी बाई येईल, तिला घराची किल्ली दे. ती बाई मला राखायला ठेवलेली. मी किल्ली शेन मावशींना दिली. बाई जिन्यात बसून राहिली. शेन मावशींना वाटलं, कुंड्यांना पाणी घालायला दिली असेल. त्यांनी भरपूर घातलं. कुंड्या तरारल्या आणि माझं डोकं गेलं असं ठरलं.

मग तपासणी झाली. डॉक्टर वाक्य वाचतो, आपण चित्रावर बोट ठेवायचं. मी चुकत गेले. तो लिहिता लिहिता मान हलवत होता, शिळ्या माशाकडे बघून आपण हलवतो तशी. अहवालात लिहिलंय, गुंतागुंतीची वाक्यं समजत नाहीत.

लिफंग मला शेनझेनला नेणार. ह्या घराला कुलूप. तू विद्यापीठात बसून जन्मभर हेच बघत आलास ना, माणसं अवघड वाक्यं कशी वाचतात? मग सांग, माझं काय बिघडलंय? आणि मे महिन्यातल्या सुनावणीच्या आधी ते लपवायचं कसं?

लोभ असू दे, कीव नको.
तुझी ताई,
बीयुन

&nbsp;

नानजिंग, १७ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कुरकुरतात, तरी साष्टांगच.

तुझं पत्र आलं आणि आधी अक्षराचाच धसका बसला. लहानपणी मी वर्तमानपत्र अडखळत वाचलं की तू चॉपस्टिकने माझ्या बोटांवर मारायचीस. तीच बोटं हे लिहिताहेत. सूड घ्यायची एवढी चांगली संधी आहे, पण मन होत नाही.

ताई, रागावू नकोस. लपवायची युक्ती मी सांगणार नाही. परीक्षेचे प्रश्न आधी फोडायचे नसतात, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगतो. आणि लिफंगचं सगळंच चुकतंय असंही मला वाटत नाही. तू पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तो तिकडे. परवा त्याचा फोन आला, तेव्हा मी त्याला म्हणालो की काही महिने तरी तिला घेऊन जा. शेनझेनला समुद्र आहे, नात आहे, सून बाह्या सरसावून करणारी आहे. तिथे बस, सूप पी, तब्येत सुधारली की परत ये.

तपासणीत कुठली वाक्यं चुकली आणि कुठली बरोबर आली, हे आठवत असेल तर कळव. धंद्याची खोड, दुसरं काय.

चहाचा डबा वेगळा पाठवला आहे. पातळ कर.

जुनी माया आटू देऊ नये, ही विनंती.
तुझा आ-जिन

&nbsp;

छ्वानचौ, २३ मार्च

आ-जिन,
आशीर्वाद ह्या खेपेला राखून ठेवला आहे.

चहा मिळाला. दाटच केला.

परत आलेली म्हातारी तू कधी पाहिली आहेस का? 'काही महिने' म्हणून गेलेल्या ह्या इमारतीतल्या तिघी मला माहीत आहेत. एकीच्या घरात आता दातांचा दवाखाना आहे. तुम्ही दोघं पुरुष फोनवर बोललात आणि माझं ठरवून मोकळे झालात. मी त्या फोनवर नव्हते. मी मेले नव्हते, फक्त नव्हते.

मला शेनझेनचं सूप नको. मला खालच्या गल्लीतली शेवयांची पेज हवी, कालवं घातलेली. ती आणायला मी स्वतः उतरते. कठडा धरून. चढताना तिसऱ्या मजल्यावर बसते. तिथला माणूस स्टूल बाहेर ठेवतो, बोलत काही नाही. असा शेजारी शेनझेनला विकत मिळतो का, विचार तुझ्या भाच्याला.

वाक्यं विचारतोस? ऐक. सगळी आठवतात. डोकं गेलंय ना माझं!

एक असं होतं, वर्णन नावाला जोडणारा आपला 'द' असलेलं: 'मांजर पाठलाग करते द कुत्रा.' म्हणजे मांजर ज्याच्या मागे लागली आहे तो कुत्रा. ह्या जातीची सगळी बरोबर.

दुसरं असं: 'पाठलाग करते कुत्रा द मांजर.' म्हणजे कुत्र्याच्या मागे लागलेली मांजर. ह्या जातीची सगळी चूक. मी दर वेळी मांजरीमागे धावणारा कुत्राच दाखवला. 'ढकलते म्हातारा द नर्स', 'ओढते गाढव द मुलगी', सगळीकडे तेच.

साधी वाक्यं सगळी बरोबर. आता मान हलव.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.
बीयुन

&nbsp;

नानजिंग, २८ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. ह्या वेळी उठणारच नाही, तसाच पडून लिहितो.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग आमच्या मुलांना फळ्यावर लिहून दाखवलं. ताई, तू वाटेल तशी चुकलेली नाहीस. तू एकाच दाराशी ठेचकाळते आहेस, आणि दर वेळी त्याच पायाने.

असं बघ. काही देशांच्या भाषांत नावाला शेपटी चिकटते, त्यावरून कोण मारतो आणि कोण मार खातो ते कळतं. आपल्या शब्दांना शेपट्या नाहीत. सगळं रांगेवर. म्हणून मन घाई करतं, जे नाव आधी दिसेल त्याला करणारा मानून पुढे पळतं. पहिल्या जातीच्या वाक्यात आधी मांजर येते, धावतेही तीच. घाई फळली. दुसऱ्या जातीत आधी कुत्रा येतो. मन त्याच्या हाती कारभार देऊन बसतं. मग तो बारीकसा 'द' येतो, त्याच्यामागून मांजर येते आणि म्हणते, अहो, धावत मी होते. आपली सगळी वर्णनं अशी आधी येतात आणि ज्याचं वर्णन, तो शेवटी उगवतो. तोवर वाचणाऱ्याने अंधारात घर बांधलेलं असतं.

इथली विशीतली पोरंसुद्धा त्या 'द'पाशी अडखळतात. आमच्याकडे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर कॅमेरा लावतात. डोळा शेवटच्या नावापर्यंत जातो, दचकतो, मागे उडी मारतो, घर मोडून पुन्हा बांधतो. इतक्या झटकन की वाचणाऱ्याला पत्ताच नसतो. परदेशी पुस्तकांत बहुतेक नेमकी उलट जात अवघड म्हणून सांगतात. आपल्याकडे कुठली अवघड, ह्यावर आम्ही परिषदांमध्ये चहाचे पेले आपटत अजून भांडतो आहोत. तेव्हा तू काही सोप्या प्रश्नात नापास झालेली नाहीस.

तुझं घर मोडून बांधणं आता सावकाश चालतं, एवढंच. आणि डॉक्टरने वाक्य तोंडाने वाचलं. बोललेला शब्द हवेत विरतो, मागे वळायला जागा राहत नाही. किल्लीचा निरोप आठव: 'दवाखान्यात नेते शेन मावशी द बाई.' तोच दरवाजा! निरोप लेखी होता खरा, पण तू तेव्हा मागे वळलीस का? वळायचं असतं हेच तुला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता खालचं कर. सोबत वाक्यं पाठवतो आहे, परीक्षेतलं एकही नाही. पेन्सिल घे. 'द' दिसला की त्याला गोल कर. गोलाच्या पुढचं नाव आधी वाच, मग मागे ये. ही लबाडी नव्हे. लंगडणाऱ्याने काठी घ्यावी, तसं.

लिफंगला फोन करून मी माझा सल्ला मागे घेतला. तो म्हणाला की मामा, जिना चढणारे तुम्ही नाही आणि फोन वाजायची भीतीही तुम्हाला नाही.

राग ओसरला असेल तर थोडा लोभ इकडे वळवावा.
तुझा आ-जिन

&nbsp;

छ्वानचौ, १० एप्रिल

चि. आ-जिन यास,
राखून ठेवलेले आणि आजचे, असे दोन्ही आशीर्वाद.

तुझी वाक्यं भयंकर आहेत. 'टीका करते वार्ताहर द महापौर.' कोण असलं बोलतं? मी असली बातमी निर्मात्याच्या तोंडावर फेकली असती. पण सोडवते आहे. रोज सकाळी, पेज खाऊन. पहिल्या दिवशी डोकं इतकं दुखलं की पेन्सिल भिंतीवर मारली. आता जमतं. नेहमी नाही. एक 'द' असला की मी जिंकते. दोन असले की कधी मी, कधी ते. तीन असले तर मी शिवी देते आणि पान उलटते.

आता रस्त्यावर पण तेच. औषधाच्या खोक्यावर 'द' शोधते. बँकेच्या पाटीवर शोधते. बसथांब्यावर एका बाईने विचारलं की आजी, काय हरवलं? मी म्हटलं, कर्ता.

छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, लिफंग आला. आम्ही त्याच्या वडिलांच्या थडग्यावर गेलो, गवत काढलं, संत्री ठेवली. उतरताना त्याने माझा दंड धरला तो सोडेना. घरी आल्यावर म्हणाला की आई, अर्ज म्हणजे काही तुझ्याविरुद्ध नाही, तुझ्यासाठीच आहे. मी म्हटलं, माझ्यासाठी असेल तर मला विचारून का नाही केलास? तो म्हणाला, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मी म्हटलं, बघ, म्हणजे मला कळतं हे तुलाही माहीत होतं.

त्यावर तो भांडी घासायला उठला. रागावला की भांडी घासतो, बापावर गेलाय. एक वाडगा फुटला.

आ-जिन, मला ह्या पोराची दया येते, पण घर देण्याइतकी येत नाही.

माया करावी आणि तोंडातल्या तोंडात हसू नये.
बीयुन

&nbsp;

नानजिंग, २९ एप्रिल

ती. ताईस,
घाईतला नमस्कार.

सुनावणीला मी येतो. गाडीचं तिकीट बघून ठेवलं आहे. मी नातलग, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून माझं कुणी ऐकणार नाही, हे खरं. पण मागच्या बाकावर बसेन. न्यायाधीशांकडे तू एकच माग: तोंडी नको, कागदावर द्या, आणि वेळ द्या. बाकी काही मागू नकोस. नाही कळलं तर नाही म्हण. अंदाजाने बोट ठेवू नकोस.

येऊ ना?
आ-जिन

&nbsp;

छ्वानचौ, ४ मे

चि. आ-जिन,
येऊ नकोस. तू बसलास की सगळे म्हणतील, भावाने पढवलं. तिकीट परत कर.
बीयुन

&nbsp;

छ्वानचौ, १७ मे

चि. आ-जिन यास,
आशीर्वाद. आज मोठं पत्र. बसून वाच.

निळा कोट घातला, तोच, नभोवाणीच्या निरोपसमारंभातला. बाहीत हात जायला वेळ लागला. शेन मावशी मदतीला आल्या, त्यांना मी जिन्यापर्यंतच येऊ दिलं.

खोली छोटी. न्यायाधीश बाई, चाळिशीच्या, सर्दी झालेली. समोर लिफंग आणि त्याचा वकील. तपासणीवाला डॉक्टर बाजूला. तो उठला आणि चित्रं मांडून वाक्य वाचू लागला. मी हात वर केला. म्हटलं, कागदावर द्या. तो म्हणाला, तपासणीची पद्धत ठरलेली आहे, तोंडीच वाचायचं. मी म्हटलं, माझा कुठला व्यवहार तोंडी होतो? बँक कागद देते. दवाखाना कागद देतो. हा अर्जसुद्धा कागदावरच आला. मग परीक्षा तेवढी हवेत का?

हे सलग बोलले नाही हं. मधे थांबले. वकील माझं वाक्य पुरं करायला निघाला, तर न्यायाधीश बाईंनी त्याला हाताने गप्प केलं. मी ठरवलं, ही बाई चांगली.

कागद मिळाला. पेन्सिल मी घरूनच नेली होती. गोल केला. पुढे गेले, मागे आले. बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला मांजर-कुत्र्याने मला पुन्हा फसवलं, ते चुकले. चौथं बरोबर. डॉक्टर घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, बघा खुशाल, मी बातम्यांची वेळ कधी चुकवली नाही, आज चुकवणार आहे.

मग न्यायाधीश बाईंनी अर्जातलंच एक वाक्य पुढे केलं. सहा ओळींचं. 'द' किती होते ते मोजलेसुद्धा नाहीत. मी दोनदा वाचलं. खोलीत फक्त बाईंच्या नाकाचा आवाज. मी म्हटलं, हे मला कळत नाही.

लिफंगने मान खाली घातली. वकिलाने काहीतरी लिहिलं.

बाईंनी विचारलं की असा कागद घरी आला तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, सही करत नाही. ज्याने लिहिला त्याला म्हणते, तोडून लिहा. तो लिहीत नसेल तर कागद परत. न कळता सही करणारी माणसं शहरभर मोकळी हिंडतात, बाई. त्यांच्यावर कुणी अर्ज केलाय?

त्या हसल्या नाहीत. रुमाल काढून नाक पुसलं. मग पेन घेऊन तेच वाक्य तोडून माझ्यापुढे ठेवलं. चार छोटी वाक्यं. आजारी आईचं घर. विकायचा अधिकार. मुलाकडे. तिला न विचारता. मी चारही मोठ्याने वाचली, बातम्यांच्या आवाजात. शेवटचं वाचताना आवाज फाटला, पण वाचलं.

लिफंग उभा राहिला. म्हणाला की विकायचं माझ्या मनात नव्हतं, ते वकिलाने नेहमीसारखं घातलं असेल. न्यायाधीश बाईंनी विचारलं, तुम्ही वाचलं होतं का? तो म्हणाला, चाळलं होतं.

निकाल आठवड्याने येईल म्हणाल्या. बाहेर पाऊस होता. लिफंगने छत्री पुढे केली. मी माझी उघडली.

आता निकाल काहीही लागो. मी बोलले, आणि माझं वाक्य मीच पुरं केलं.

लोभ आहेच, आता जरा अभिमानही कर.
बीयुन

&nbsp;

शेनझेन, २९ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कोर्टाने अर्ज फेटाळल्याचं तुला कळलंच असेल. तुला हातानं पत्र लिहितोय ते शाळेनंतर पहिल्यांदाच. चुका असतील.

अर्जातलं ते वाक्य मी खरंच नीट वाचलं नव्हतं. मी भीतीने सही केली. स्ट्रोक आला त्या सकाळी तुझा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये होतो, म्हणून तो कापला. शेन मावशींनी दार वाजवलं म्हणून निभावलं. तेव्हापासून फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो, आणि नाही वाजला तरी सारखा उचलून बघतो. तू माझ्या डोळ्यांसमोर असलीस की हे थांबेल, असं वाटलं. तुला काय वाटेल, हे त्यात मी धरलंच नाही.

ड्रॅगन होड्यांच्या सणाला आम्ही आलो तर चालेल का? मुलगी विचारते, आजी पानातला भात बांधायला शिकवेल का? घरात कॅमेरा बसवू का, असं विचारणार होतो, पण आता विचारत नाही.

शेवटी एवढंच, की आपल्या घरात सगळ्यात काळजीचं माणूस बदललेलं नाही.

तुझा,
लिफंग

&nbsp;

छ्वानचौ, ३ जून

चि. लिफंग यास,
अनेक आशीर्वाद. पुन्हा 'अनेक' लिहायला घेतलं आहे.

तुझं पत्र पेन्सिल घेऊन वाचलं. वाक्यं बरी आहेत. मीटिंगचं मला ठाऊक नव्हतं. त्या फोनमध्ये मी तुला काय सांगणार होते ते मलाच आठवत नाही. बहुधा कालवं महाग झाली, एवढंच. तेव्हा तो कापलेला फोन आता विसरून जा.

कॅमेरा विचारला नाहीस, शहाणा आहेस. शेनझेनला मी येणार नाही. हे वाक्य सरळ आहे, ह्यात एकही 'द' नाही. किल्ली हवी असेल तर तुला एक करून देईन. तुला, त्या बाईला नव्हे. आणि मी पडले तर पडेन. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला सांगून ठेवलंय, आता तो बोलतोसुद्धा.

सणाला या. पानं भिजत घालते. माझा उजवा हात गाठ मारत नाही, ती नात मारेल. मी शेजारी बसून चुका काढीन.

तुझ्या शेवटच्या ओळीवर मात्र अडले. 'सगळ्यात काळजीचं माणूस.' आधी वाटलं, ज्याची सगळ्यांना काळजी वाटते ते, म्हणजे मी. रागच आला. मग मागे वळले. तर ते जे सगळ्यांची काळजी करत बसतं ते, असंही होतं. म्हणजे तू. मामाला विचारणार होते, पण त्याला कशाला? तो त्यावर परिषद भरवेल.

मी बराच वेळ दोन्हीकडून वाचलं. दोन्हीकडून तू माझाच मुलगा निघतोस.

सकाळच्या गाडीने ये, म्हणजे पेज गरम मिळेल. माया कमी पडत असेल तर भांडून घे, मागे राहू नकोस.

तुझी आई,
बीयुन